अण्णांचा गोल्फ किती खरा

अण्णा पलटणीतून कायमचे घरी आले तेव्हा त्यांच्या सामानात एक काळी पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि एक लांबुडकी कॅनव्हासची पिशवी होती. पिशवीतून लोखंडी टोकांच्या काठ्या डोकावत होत्या. बोरीच्या स्टँडवर उतरल्यापासून आमच्या दारापर्यंत निम्म्या गावानं त्यांना विचारलं असेल, हवालदार, ह्या कशाच्या काठ्या? अण्णा प्रत्येकाला एकच सांगत होते, "गोल्फच्या." त्यानं कुणाचंच समाधान झालं नाही. मायनं त्यातली एक काठी बाहेर काढली, हातात तोलून पाहिली, "सापाला बऱ्या हायत," म्हणाली आणि पिशवी ज्वारीच्या कणगीमागं उभी करून ठेवली.

तोवर अण्णा म्हणजे माझ्यासाठी वर्षातून एकदा येणारा पाहुणा होते. सुट्टीवर आले की घरात कोंबडी शिजायची, गव्हाच्या पोळ्या व्हायच्या आणि माय डोक्यावरचा पदर जरा पुढं ओढून घ्यायची. ते गेले की पुन्हा भाकरी, ठेचा आणि अंबाडीची भाजी. शेत माय करायची. गडी होता, पण कोणत्या तुकड्यात काय पेरायचं, बैल कधी बदलायचे, कडबा कुणाला द्यायचा, हे सगळं तिच्या डोक्यात. पहाटे जात्याची घरघर मला झोपेतच ऐकू यायची. ती थांबली की गोठ्यातल्या घंटा वाजायच्या आणि त्यामागून मायचा आवाज, बैलांशी बोलणारा. तो आवाज ती आम्हां माणसांशी बोलताना वापरायची त्यापेक्षा बराच मऊ असायचा.

अशा घरात अण्णा परत आले. आल्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी गड्याला थांबवून स्वतः बैल जुंपले. डावीकडचा बैल उजवीकडं आणि उजवीकडचा डावीकडं. बैल एक पाऊल हलेनात. अण्णा पलटणीतल्या आवाजात त्यांच्यावर ओरडले, तसे ते आणखीच मागं सरले. माय आली, तिनं बैलांच्या जागा बदलल्या, पाठीवर थाप दिली, आणि बैल चालू लागले. ती हसली नाही. हसली असती तर अण्णांना सोपं गेलं असतं, असं आता वाटतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कणगीमागची पिशवी काढली आणि ते माळावर गेले.

आमच्या शेताच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ होता. काळी जमीन संपली की खडे, कुसळी गवत, तरवडाची झुडपं आणि टिटव्या. अण्णा छावणीत असताना शेवटची कितीतरी वर्षं तिथल्या गोल्फच्या मैदानाची देखरेख त्यांच्याकडं होती. गवत कापून घेणं, वाळूचे खड्डे सारखे करणं, तळ्यात गेलेले चेंडू काढणं. खेळायचे फक्त साहेबलोक. अण्णा सकाळी साहेब यायच्या आधी चार फटके मारून घ्यायचे, बस. बदलीवर जाणाऱ्या एका साहेबानं जुन्या काठ्या त्यांना देऊन टाकल्या आणि तळ्यातले टाकाऊ चेंडू अण्णांनी स्वतःच साठवलेले. म्हणजे माणूस अर्धं आयुष्य त्या मैदानावर राबलेला, पण पहिल्या फटक्यापासून शेवटपर्यंत एक अख्खा डाव त्यानं कधी खेळलेला नव्हता. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला वाटायचं, अण्णा म्हणजे गोल्फमधले मोठे उस्ताद.

माळावर त्यांनी मैदान आखलं. दगड उचलून बाजूला रचले, ठिकठिकाणी चेंडू मावेल एवढे खड्डे घेतले. गोट्यांच्या खेळात म्हणतात तसंच आम्ही त्यांना गल म्हणायचो. छावणीत गलेभोवती मखमलीसारखं गवत असतं म्हणे. आमच्याकडं ते कुठून यायचं? पण माळाच्या कडेला मायचं खळं होतं, पाण्यानं भिजवून, बैल फिरवून, शेणानं सारवून टणक केलेलं. रास घरी गेल्यावर ते रिकामंच पडायचं. अण्णांनी शेवटची गल तिथं घेतली. किसनकाका त्यांच्या मदतीला होते. ते बौद्धवाड्यातले, दुसऱ्या पलटणीतून निवृत्त झालेले. दोघं रोज संध्याकाळी खेळायचे, आणि खळ्यावर चेंडू हळूच ढकलून गलेत घालण्यात किसनकाकांचा हात अण्णांपेक्षा चांगला होता.

मी तेव्हा मॅट्रिकला नापास होऊन घरी बसले होते. येत्या ऑक्टोबरला पुन्हा बसायचं होतं. चहाची किटली घेऊन माळावर जायची आणि तिथंच रेंगाळायची. एकदा अण्णांनी काठी माझ्या हातात दिली. "मार." पहिल्या फटक्याला नुसता मुरूम उडाला. पुढं कधीतरी तो टक् असा आवाज आला, हाताला काहीच न जाणवता चेंडू निघून गेला, आणि मी त्या आवाजाच्या नादाला लागले. गावात बोलणं सुरू झालं. हवालदाराची पोरगी लोखंडी काठी घेऊन माळावर फिरायलीय म्हणे. माय ते ऐकून घ्यायची आणि "फिरू दे, घरात बसून तरी काय करायलीय," एवढंच म्हणायची.

उन्हाळा चढत गेला तसा माझा चेंडू लांब लांब जायला लागला. होळीला बाभळीपर्यंत जायचा, तो वैशाखात बाभळ ओलांडून पार बांधाला लागायचा. मी अगदी फुशारून गेले. मग पाऊस झाला, माळावर हिरवी लव आली, जमीन मऊ झाली आणि माझा चेंडू पुन्हा बाभळीच्या अलीकडं पडायला लागला. मी काठी आपटली, रडायला लागले.

अण्णा खो खो हसले. "अगं, उन्हाळ्यात जमीन खेळत होती, तू न्हाई. टणक जमिनीवर चेंडू घरंगळत जातोय. तुला वाटायलंय तूच मारलाय."

"मग मला कसं कळावं, मी सुधारले का न्हाई?"

"तुझा सगळ्यात भारी फटका बघू नकोस. तो तर कधीबी, कुणाचाबी लागतोय. वाईट फटके बघ. वाईट फटके कमी वाईट झाले म्हंजे समज, काईतरी आलंय."

आता या वयात, अगदी परवापरवापर्यंत, गुडघ्याच्या व्यायामासाठी मी एका दवाखान्यात जात होते. तिथली तरुण मुलगी रोज एका यंत्रानं माझा गुडघा किती वाकतो ते मोजायची. एक दिवस आकडा एकदम वाढला, मी खूश झाले. ती म्हणाली, "आजी, आज तुम्ही गरम पाण्याचा शेक घेऊन आलात ना? उद्या शेक न घेता बघू." मला अण्णा आठवले.

त्या पावसाळ्यातच मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला होता. मोर्चे, बंद, एसटीच्या काचा. आसपासच्या गावांतून वाईट बातम्या यायच्या, वस्त्या जळाल्याच्या, माणसं रातोरात गाव सोडून गेल्याच्या. आमच्या गावात तसं झालं नाही, पण ओट्यावर बसणारे गप्प झाले आणि बौद्धवाड्याकडची वाट ओस पडली. किसनकाका दोन-तीन आठवडे माळावर आले नाहीत. मग अण्णाच जाऊन त्यांना घेऊन आले. त्यावर चार माणसं आमच्या दारात आली. त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "हवालदार, तुमी खेळा, आमचं काई न्हाई. पण खळ्यावर त्याला कशाला आणायलाव? खळं म्हंजे लक्ष्मीची जागा."

माय चुलीपुढून उठली, हाताला पीठ तसंच. "खळं माझं हाय," ती म्हणाली. "मी सारवते. कुणी यावं, कुणी न यावं ते मी सांगंन." आणि परत जाऊन भाकरी थापायला लागली. माणसं निघून गेली. त्यानंतर गिरणीत आमचं दळण मागं राहायचं, सुगीला मजूर मिळेनात, त्याबद्दल मायनं कधी तोंड उघडलं नाही. किसनकाका येत राहिले.

कालव्याच्या कॉलनीत एक इंजिनियर राहायचे. त्यांचे सासरे निवृत्त कर्नल होते, काही दिवस लेकीकडं आले होते. माळावर कुणीतरी गोल्फ खेळतं ही खबर त्यांच्या कानावर गेली आणि ते एका सकाळी जीप घेऊन हजर झाले. उंच, पांढऱ्या मिशांचे, बोलायला मोकळे. अण्णांनी कडक सलाम ठोकला. कर्नलसाहेबांनी माळ बघितला, खळं बघितलं, वाकून शेणाच्या सारवणावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "हवालदार, एक राउंड हो जाए?"

बघायला अर्धं गाव जमलं. पावसानं मध्येच ओढ दिली होती, माळ पुन्हा टणक झाला होता आणि काळ्या रानाला भेगा पडल्या होत्या. किसनकाका मोजदादीला. कर्नलसाहेबांचे फटके बघण्यासारखे होते, उंच जायचे, पण खाली पडला की चेंडू कुठल्यातरी दगडावर आदळून तरवडात घुसायचा. दोन चेंडू काळ्या रानाच्या भेगांत गेले ते गेलेच. एक टिटवी त्यांच्या डोक्याभोवती ओरडत घिरट्या घालू लागली, तिची अंडी तिथंच होती, आणि अण्णांनी त्यांना हाताला धरून बाजूनं नेलं. अण्णा मात्र बुटके, जमिनीलगत धावणारे फटके मारत होते, कुठल्या दगडाला लागून चेंडू कुठं वळणार हे त्यांना ठाऊक होतं. खळ्यावर कर्नलसाहेबांचा चेंडू काचेवरून सटकावा तसा या कडेकडून त्या कडेला जायला लागला, तशी पोरं हसू लागली. अण्णा जिंकले, आणि चांगलेच जिंकले. कुणीतरी हलगी आणली. हॉटेलात अण्णांना चहा, भजी. हवालदारानं कर्नलला हरवलं! कर्नलसाहेब स्वतः सगळ्यांत जास्त हसत होते. जाताना अण्णांचा हात हातात घेऊन म्हणाले, "अब हमारे यहाँ आओ. घास पर खेलेंगे. बेटी को भी लाना."

त्या संध्याकाळी मायनं भाकरीवर तुपाची धार धरली. अण्णा चतकोर खाऊन थांबले.

"काय झालं? जिंकलाव म्हणं."

"त्यांना माळ ठावं न्हवता. मला एकन् एक दगड ठावं हाय. ह्यात माझा खेळ किती, अन् दगडाची वळख किती?"

"आता ते कोण सांगणार?"

"इथं कुणीच न्हाई सांगू शकत." मग ताटाकडं बघत, "मी कुठंच पुरता खेळलो न्हाई गं. तिकडं घासच कापायचो नुसता."

मी ते पहिल्यांदा ऐकत होते. माय पण, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. तिनं ताटात आणखी एक भाकरी वाढली. "मग जाऊन या," ती म्हणाली. "अन् सुलीला घेऊन जावा. तुमी एकटे गेलाव तर येऊन काईबी सांगताल."

बंदमुळं एसटी थांबल्या होत्या, त्यामुळं जाणं दोनदा पुढं ढकललं. शेवटी आम्ही निघालो. परभणीपर्यंत एसटी, मग रेल्वे, पूर्णेला बराच वेळ गाडी खोळंबलेली, फलाटावर डब्यांना धक्के देणाऱ्या इंजिनाचा आवाज, आणि मायनं फडक्यात बांधून दिलेल्या धपाट्यांचा वास. अण्णा खिडकीशी ताठ बसले होते. इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून पाठ टेकली नाही. कर्नलसाहेबांकडची छावणी हैदराबादच्या बाजूची होती, अण्णा जिथं राबले ती नव्हे. मैदान बघितलं आणि मी खुळ्यासारखी म्हणाले, "अण्णा, एवढं गवत अन् एक म्हैस न्हाई!"

अण्णा ऐकत नव्हते. ते कडेला उभे होते. वाकून त्यांनी गवताची चिमूट घेतली, कुठवर कापलंय ते बघितलं. मग चपला नीट पुसल्या आणि आत पाऊल टाकलं. गवत कापणारे दोन माळी लांबून बघत होते. अण्णांनी त्यांना हात केला, पण साहेबाबरोबर आलेल्या माणसाला काय करावं त्यांना कळेना.

पहिला फटका चांगला बसला. तो टक् आवाज मला ओळखू आला. पण चेंडू पडला आणि पडला तिथंच राहिला. आमच्या माळावर तो तिथून पुढं पळाला असता. अण्णा त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले, जणू तो अजून जाईल. पुढचा फटकाही तसाच. त्यांचे सगळे फटके पळणारे, आणि गवत चेंडूला पळू देईना. गलेजवळ तर आणखी अवघड. खळ्यावर नुसता स्पर्श केला की चेंडू जायचा. इथं तो अर्ध्या वाटेत थांबायचा, मग चिडून जोरात मारला की पलीकडं उतारावर. कर्नलसाहेब निवांत चालत, निवांत मारत होते. एकदा अण्णांचा चेंडू पाण्यात गेला. कर्नलसाहेब हळूच म्हणाले, "रहने दो हवालदार, ये वाला नहीं गिनते. दूसरा रख लो."

अण्णा थांबले. मानेवरून घाम चालला होता. "साब, गिनिए," ते म्हणाले. "इतनी दूर से गिनवाने ही आया हूँ."

कर्नलसाहेबांनी त्यांच्याकडं बघितलं आणि त्यानंतर एकही फटका मोजायचा सोडला नाही. मला तो डाव संपेपर्यंत मान वर करवत नव्हती. शेवटी शेवटी अण्णांचे काही फटके बरे गेले, वाळूच्या खड्ड्यातून एक चेंडू त्यांनी इतका अलगद काढला की कर्नलसाहेब "वाह" म्हणाले. पण हार मोठी होती, कुणालाही दिसेल इतकी.

झाडाखाली लिंबूपाणी आलं. अण्णा बसले नाहीत. उभ्यानंच विचारलं, "साब, सच बताइए. मैं कितना खेलता हूँ?"

कर्नलसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "नया खिलाड़ी," ते म्हणाले. "अच्छा नया खिलाड़ी. दूर का हाथ ठीक है. पास का हाथ सख्त है."

अण्णांनी सलाम केला. मला वाटलं, आता हे बोलणार नाहीत, घरी गेल्यावर काठ्या पुन्हा कणगीमागं जाणार. गाडी सुटली. मग फडकं सोडून धपाटा काढला, अर्धा मला दिला.

"नवा खेळाडू," ते म्हणाले. "सुले, इतकी वर्षं मला वाटायचं, एक तर मी लय भारी असंन, न्हाईतर मला काईच येत न्हसंल. नवा हाय, म्हंजे चालू तर झालंय." आणि खाता खाता त्यांना हसू फुटलं. समोरच्या बाकावरचा माणूस उगाच आमच्याकडं बघायला लागला.

घरी पोचलो तेव्हा माय माझ्याकडं बघत होती, मी काय सांगते म्हणून. मला तोंड उघडावं लागलं नाही. अण्णाच पाय धुता धुता म्हणाले, "लय मार खाल्ला." दुसऱ्या दिवशी हॉटेलातही त्यांनी तेच सांगितलं. लोकांना ते आवडलं नाही. हलगी वाजवणारा तर म्हणाला, हवालदार, सांगितलं नसतं तर कुणाला कळणार होतं? अण्णांनी चहा संपवला आणि किसनकाकांना घेऊन माळावर गेले, जवळचे फटके घोटायला.

ज्वारीच्या पेरणीचे दिवस आले. आमच्याकडं गडी तिफण धरायचा आणि माय तिच्यामागून चालत चाड्यातून बी सोडायची. चाडं म्हणजे तिफणीवरचं लाकडी वाडगं. मुठीतून बी सारखं सुटायला हवं, नाहीतर पीक कुठं दाट, कुठं विरळ. त्या सकाळी न्याहारी घेऊन मी रानात गेले तर अण्णा तिफणीजवळ उभे होते आणि गडी बांधावर बसला होता. बैल आपापल्या जागी जुंपलेले. अण्णा मायला म्हणत होते, "मला शिकव. मला न्हाई येत."

पंचवीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मायनं ऐकलं नसावं. तिनं ओटीतलं बी एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "तिफणीकडं बघू नका," ती म्हणाली. "दोन्ही बैलांच्या मधून पल्याडचं झाड बघा. दाबू नका. ती आपली आपली जातीय." बैलांशी बोलायचा तो मऊ आवाज होता.

दोघं चालू लागले, अण्णा पुढं तिफण धरून, माय मागं बी सोडत. "डावीकडं... आता सोडा... ओढू नका, आवो ओढू नका." बांधापर्यंत गेले, वळले, परत आले. मी न्याहारी घेऊन तशीच उभी. दुपारपर्यंत त्यांनी तो तुकडा उरकला. मायचा आवाज हळूहळू बंद झाला, फक्त घंटा आणि बैलांच्या खुरांचा आवाज येत राहिला.

पेरणी लपत नाही. बी उगवलं की तास, म्हणजे पिकाची ओळ, कुठं वाकलं ते जाणारा-येणारा बघतो, आणि आमचा तो तुकडा तर जिंतूरच्या रस्त्याला लागून. कोंब वर आले आणि पहिली तासं सापाच्या वाटेसारखी दिसायला लागली. बाजारला जाणारी बैलगाडी थांबवून एकानं विचारलं, "कुणी पेरलंय वो हे? पिऊन पेरलं का काय?" माय खुरपं घेऊन शेताच्या कडेला, धुऱ्यावर होती. "आमच्या मालकानं," तिनं सांगितलं. तिला ते मोडून पुन्हा पेरता आलं असतं, जमिनीत अजून ओल होती, वाफसा होता. तिनं मोडलं नाही.

गाडी गेल्यावर तिनं मला हाक मारली. "सुले, हिकडं ये. हिकडून बघ." मी तुकड्याच्या पलीकडच्या टोकाला तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. तिथं अण्णांनी शेवटी पेरलेली तासं होती. सरळ नव्हती, पण पहिल्यांपेक्षा सरळ होती, चार पावलं मागं सरून बघितलं तर कुणालाही दिसलं असतं. माय तिथं बराच वेळ उभी होती, हातातलं खुरपं तसंच.